चार वर्षांची लेक, अकरा वर्षांचा मुलगा आणि पंचाहत्तरीचे आजोबा: एकत्र बघायचं तरी काय?

प्रश्न:

ताई, नमस्कार. आमच्या घरात आम्ही पाच जण. मुलगी चार वर्षांची, मुलगा अकराचा, मी, नवरा आणि पंचाहत्तरीचे सासरे. आठवडाभर प्रत्येक जण आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं घालून असतो, म्हणून मी ठरवलं की सुट्टीच्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून एक अ‍ॅनिमेशन सिनेमा बघायचा. गेल्या वेळी एक नवाकोरा लावला, सगळीकडे त्याचीच जाहिरात चालू होती. राक्षस आल्याबरोबर धाकटीने माझ्या कुशीत तोंड खुपसलं ते शेवटपर्यंत वर केलं नाही. मोठा ‘हे बाळांचं आहे’ म्हणून उठून गेला. बाबांना भराभर बोललेलं नीट ऐकू येत नाही, त्यांनी डुलक्या काढल्या आणि वर ‘या वयात मी कार्टून बघू का’ हेही ऐकवलं. नवरा मोबाईलमध्ये. शेवटी बघणारी मी एकटीच, आणि मलाही तो काही आवडत नव्हता. सगळ्यांना खरंच आवडेल असं काही असतं का? आणि अजून एक, दुःखी प्रसंग असलेले सिनेमे मुलांना दाखवावेत का? मला पटकन रडू येतं, मुलांसमोर रडलेलं बरं दिसतं का?

एकटीच प्रेक्षक

उत्तर:

ताई म्हणालीस म्हणून सरळ अगं-तुगं करते. तू लावलेला सिनेमा कुठला ते मला माहीत नाही, पण तुझ्या वर्णनावरून तो कुठल्या जातीचा असणार ते साधारण कळतं. ‘संपूर्ण कुटुंबासाठी’ म्हणून जे विकलं जातं ना, त्यातलं बरंचसं दोन मजली घरासारखं बांधलेलं असतं, खालच्या मजल्यावर पोरांसाठी धडपड, किंचाळ्या, पादण्याचे विनोद, आणि वरच्या मजल्यावर मोठ्यांसाठी टोमणे, जुन्या सिनेमांच्या नकला, थोडं डबल मीनिंग. पोरं हसतात तेव्हा आपण जांभया देतो आणि आपण हसतो तेव्हा पोर विचारतं, आई काय झालं, का हसलीस, आणि मग सांगायची पंचाईत. सोफा एक पण सिनेमे दोन. त्यात आजोबांना दोन्ही मजल्यांवर जागा नाही आणि अकरा वर्षांच्या मुलाला खालचा मजला नको झालाय, वरचा अजून कळत नाही. मग तो उठून जाणार नाही तर काय.

खरंच सगळ्यांना चालतात त्या सिनेमांत काय असतं तर प्रसंग एकच असतो, तोच चार वर्षांच्या पोरीला कळतो आणि तोच पंचाहत्तरीच्या माणसालाही, फक्त दोघांच्या हाताला लागतं ते वेगळं. हे नुसतं बोलून कळणार नाही म्हणून एक सीन सांगते.

‘माय नेबर टोटोरो’, १९८८ चा, हायाओ मियाझाकींचा, जपानच्या स्टुडिओ जिब्लीचा. दोन बहिणी, मोठी सात्सुकी आणि धाकटी मेइ, मेइ चार वर्षांची म्हणजे तुझ्या लेकीएवढीच. पावसात बसस्टॉपवर दोघी छत्री घेऊन बाबांची वाट बघतायत. बस येते, त्यात बाबा नाहीत, बस जाते. अंधार पडायला लागतो, मेइ पेंगते, सात्सुकी तिला पाठीवर घेते आणि एका हाताने छत्री धरून तशीच उभी राहते. मग शेजारी कोणीतरी येऊन उभं राहतं. छत्रीखालून तिला आधी फक्त नखं असलेले मोठ्ठे पाय दिसतात. टोटोरो, डोक्यावर पावसासाठी एक पान ठेवलेला. ती घाबरत त्याला बाबांची छत्री देते. त्याला छत्री म्हणजे काय ते माहीत नाही, पण वरच्या झाडावरून टपकणारे थेंब छत्रीवर टप टप वाजतात ते त्याला इतकं आवडतं की तो जोरात एक उडी मारतो आणि झाडावरचं सगळं पाणी एकदम धो धो खाली येतं. बस्स, एवढाच सीन. बराच वेळ कोणी काही बोलतच नाही, नुसता पाऊस. आता बघ, तुझी धाकटी त्या उडीला खदखदून हसणार. मोठ्याला नकळत सात्सुकी दिसणार, कारण धाकट्या बहिणीला सांभाळ हे त्यालाही दिवसातून दहादा ऐकावं लागत असणार. आणि तुला ती पाठीवर झोपलेली पोर आणि न आलेला बाबा दिसणार, कारण तोवर तुला कळलेलं असतं की या मुलींची आई दवाखान्यात आहे आणि मोठी पोर वयापेक्षा जास्त समजूतदारपणे वागतेय. सीन तोच. कोणालाही कोणासाठी थांबावं लागलं नाही, कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

आणि त्या अख्ख्या सिनेमात व्हिलन नाही. एकही नाही. राक्षसाला घाबरणाऱ्या मुलीसाठी यापेक्षा बरी सुरुवात मला तरी सुचत नाही. साधारण दीड तासाच्या आत संपतो, तेही बरं. शेवटाकडे मेइ हरवते तेव्हा थोडी धाकधूक होते, तेवढं धरून चाल.

आता तुझ्या घरातली खरी अडचण. मला वाटतं ती बोलण्याची आहे. पत्र पुन्हा वाच, बाबांना भराभर डायलॉग ऐकू येत नाहीत, धाकटीला सबटायटल वाचता येत नाहीत, आणि नवरा मोबाईलमध्ये आहे कारण हल्लीचे सिनेमे कानाने बघता येतात, पात्रं सतत काय चाललंय ते बोलून दाखवत असतात त्यामुळे मान वर न करताही गोष्ट कळत राहते. या तिघांवर औषध एकच, ज्यात बोलणं नाही किंवा अगदी कमी आहे असा सिनेमा. त्यात एकदा मान खाली घातली की गेलं, काय झालं ते विचारावं लागतं. दोनदा विचारलं की माणूस आपणहून फोन उलटा ठेवतो, तुला काही बोलावं लागत नाही (आणि तू बोलूही नकोस, ‘फोन ठेव’ म्हणालं की संध्याकाळ तिथेच बिघडते).

असे सिनेमे आहेत आणि चांगले आहेत. ‘शॉन द शीप मूव्ही’ घे, २०१५ चा, ब्रिटनच्या आर्डमन स्टुडिओचा. पूर्ण लांबीचा सिनेमा आणि त्यात एकही धड शब्द नाही, माणसंसुद्धा नुसती पुटपुटतात. मेंढ्यांना रोजच्या कामाचा कंटाळा आलाय म्हणून त्या एक दिवस सुट्टी घ्यायचा डाव रचतात, तो अंगाशी येतो, मालक शहरात जाऊन हरवतो आणि मेंढ्या त्याला शोधायला निघतात. बाबांना हा आवडायची शक्यता जास्त कारण हा विनोद जुन्या मूकपटांच्या घराण्यातला आहे, चेहरा, टायमिंग आणि चोख धांदल, ज्यांनी चॅप्लिन बघितलाय त्यांना यात अनोळखी काही वाटणार नाही. ‘वॉल-ई’ हा अमेरिकेच्या पिक्सार स्टुडिओचा २००८ चा, त्यातही पहिला मोठा भाग जवळजवळ मुका आहे, कचऱ्याच्या ढिगात एकटा उरलेला एक रोबो आणि त्याने जमवलेल्या चिजा. नंतर तो अवकाशात जातो तेव्हा बोलणं वाढतं, पण तोवर सगळे गुंतलेले असतात. आणि ‘फ्लो’, लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिस यांचा २०२४ चा, याला २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशन सिनेमाचं ऑस्कर मिळालं. पूर आलाय, माणसं कुठेच नाहीत, एक काळं मांजर, एक कुत्रा, एक माकडासारखा लेमूर, एक कॅपिबारा (उंदराच्या जातीचा मोठा प्राणी) आणि एक मोठा पक्षी एका होडीत. ती माणसासारखी बोलत नाहीत, प्राण्यासारखीच वागतात, मांजर मांजरासारखंच गुरगुरतं. आवाजही खऱ्या प्राण्यांचे वापरलेत, कॅपिबाराला मात्र उंटाच्या पिल्लाचा आवाज दिलाय. पण हा धाकटीसाठी जरा थांब, मांजर पाण्यात पडून गुदमरायला लागतं ते पुन्हा पुन्हा येतं आणि पाण्याचा आवाजही भीतीदायक आहे. ती पाच-सहा वर्षांची झाली की बघा, किंवा एखाद्या रात्री तिला झोपवून बाकीचे चौघं.

पण थांब. मी तुझ्या जागी असते तर पहिल्याच संध्याकाळी अख्खा सिनेमा लावलाच नसता. एकदा फसलंय म्हणजे आता सगळे आधीच तोंड वाकडं करून बसणार, त्यात दीड तास म्हणालीस की संपलं. शॉर्टफिल्म्स लाव. तीन लाव आणि टीव्ही बंद कर, अजून एक म्हणून कोणी ओरडलं तरी बंद कर. माझी पसंती सांगते, पहिली ‘फॉर द बर्ड्स’, २००० ची, पिक्सारची, जेमतेम तीन मिनिटांची. तारेवर बसलेले छोटे चिडखोर पक्षी, त्यांच्यात एक मोठा बावळट पक्षी येऊन बसतो, त्याच्या वजनाने तार खाली झुकते आणि हे सगळे त्याच्या अंगावर घसरतात. मग त्याला हाकलायला ते त्याच्या पायाच्या बोटांना टोचा मारतात, एकेक बोट सुटत जातं, आणि शेवटच्या क्षणी त्यांच्यातल्या एकाच्या लक्षात येतं की हा सुटला की ताणलेली तार आपल्यालाच वर फेकणार. त्या क्षणी त्याचा चेहरा बघ. धाकटी तर हसेलच, पण मला खात्री आहे अकरा वर्षांचा दारात उभा राहून बघणार, आत यायचं की नाही ते ठरवत. त्याला ये बस म्हणू नकोस.

दुसरी ‘गेरीज गेम’, १९९७ ची. ही बाबांसाठी. एक म्हातारा बागेत एकटाच बुद्धिबळ खेळतोय, इकडची चाल खेळली की उठून पलीकडच्या खुर्चीत जातो, चष्मा काढतो, आणि तिकडचा म्हातारा एकदम खवट आणि आक्रमक, इकडचा बिचारा बावरलेला. हळूहळू आपण विसरतो की माणूस एकच आहे. हरायला आल्यावर इकडचा काय युक्ती करतो ते सांगत नाही, पण बक्षीस म्हणून दाताची कवळी मिळते. पाच मिनिटांची आहे, हिलाही ऑस्कर आहे. बाबांनी हसू दाबलं तरी त्यांचे खांदे हलताना दिसतील. कार्टून हा प्रकार लहानांचा असं ज्यांचं पक्कं मत आहे त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हिरो त्यांच्या वयाचा दाखवायचा.

तिसरी ‘प्रेस्टो’, २००८ ची, जादूगार आणि त्याचा भुकेला ससा, सशाला गाजर हवंय आणि जादूगार देत नाही. नुसती मारामारी, पण इतकी बेतीव की एक सेकंद इकडेतिकडे नाही. हसून हसून सगळे दमले की बंद. ‘पायपर’ही छान आहे, लाटेला घाबरणारं पक्ष्याचं पिल्लू, पण ते शांत आहे, ते दुसऱ्या बैठकीला ठेव.

आता मोठा. अकराव्या वर्षी ‘हे बाळांचं आहे’ म्हणणं हे त्याचं कामच आहे, त्यात सिनेमाबद्दलचं मत फारसं नसतं, मी आता मोठा झालोय हे जाहीर करायचं असतं. त्याला बाळांच्या रांगेत बसवण्याऐवजी पडद्यामागे ने. ‘द राँग ट्राउझर्स’ लाव, आर्डमनच्याच निक पार्क यांची १९९३ ची अर्ध्या तासाची फिल्म, वॉलेस नावाचा विसराळू संशोधक आणि त्याचा कुत्रा ग्रॉमिट. त्यांच्याकडे एक पेंग्विन भाडेकरू म्हणून येतो, तो चोर असतो आणि डोक्यावर लाल रबरी हातमोजा घालून कोंबडा असल्याचं सोंग करतो. त्या पेंग्विनच्या चेहऱ्यावर काहीही हलत नाही, नुसते दोन काळे मणी डोळ्यांच्या जागी, आणि तरी तो असला थंड डोक्याचा गुन्हेगार वाटतो की बास. ग्रॉमिटला तर तोंडच नाही, सगळा अभिनय भुवईच्या जागी. शेवटी घरातल्या खेळण्यातल्या रेल्वेवर पाठलाग होतो आणि रूळ संपायला लागतात, तेव्हा ग्रॉमिट चालत्या गाडीत बसून पुढे पुढे रूळ टाकत जातो. हे बघून झालं की मुलाला फक्त एवढं सांग, की हे सगळं हाताने केलंय, मातीसारख्या प्लॅस्टिसिनच्या बाहुल्या, त्या केसभर हलवायच्या, फोटो काढायचा, परत हलवायच्या, परत फोटो. सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम, म्हणजे २४ चित्रं असतात, एक पोझ दोन फ्रेमना वापरली तरी एका सेकंदाला १२ पोझ लागतात. मग तो बहुतेक परत लावून बघायला मागेल आणि रूळ टाकण्याचा सीन थांबवून थांबवून बघेल, मातीवर बोटांचे ठसे दिसतायत का ते शोधेल. दिसतात काही ठिकाणी.

त्याला तुझा जुना फोन दे, स्टॉप मोशनचं, म्हणजे असेच फोटो जोडून सिनेमा करायचं, कुठलंही साधं अ‍ॅप टाक आणि फोन कशाला तरी टेकवून हलणार नाही असा पक्का बसव, कारण फोन हलला की सगळं थरथरतं. खोडरबर टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चालत गेलं पाहिजे, एवढंच काम. धाकटीला खोडरबर सरकवायची नोकरी मिळते, त्याला डिरेक्टरचं पद, आणि खिडकीतला प्रकाश बदलला की चित्र लुकलुकतं हे त्याचं त्यालाच कळतं, मग तो पडदा ओढायला लावतो. यात एक संध्याकाळ सहज जाते आणि सिनेमा बघायचीही गरज उरत नाही. पुढे त्याला ‘स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स’ दाखव, २०१८ चा, तो त्याच्या वयाला अगदी फिट, आणि त्यात एक गंमत शोधायला सांग, सुरुवातीला त्यातला नवा स्पायडर-मॅन माइल्स नवशिका असतो तेव्हा त्याच्या हालचाली सेकंदाला १२ पोझने केल्यात आणि जंगलात त्याच्याबरोबर झोके घेणारा अनुभवी स्पायडर-मॅन पीटर मात्र पूर्ण २४ ने, म्हणून माइल्स अडखळतोय असं वाटतं. असली माहिती हातात आली की मुलं घरभर सांगत सुटतात. आजोबांना तो समजावून सांगत बसेल बघ. हा धाकटीसाठी नाही, फार झगमग आणि धडाडधूम आहे.

भीती आणि दुःख. तू दोन्ही एकाच वाक्यात बसवलंस पण ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. चार वर्षांच्या मुलाला राक्षस खरा नाही हे सांगून फार उपयोग होत नाही, त्या वयात पडद्यावरचं आणि बाहेरचं यातली भिंत अजून पातळ असते. बरं, मुलं बहुतेक वेळा चित्राच्या आधी आवाजाला घाबरतात. दिवे चालू ठेव, आवाज दोन घरं कमी कर, आणि घाबरली की ‘अगं काही नाही’ म्हणण्यापेक्षा सरळ पॉज कर आणि पुढे काय होतं ते आधीच सांगून टाक. मोठ्यांना सस्पेन्स फुटला की राग येतो, लहानांना हायसं वाटतं. कुठलाही नवा सिनेमा आधी तू एकटीने चाळून घे, निदान पहिली दहा मिनिटं, कारण पुष्कळ नावाजलेल्या सिनेमांत मोठा धक्का सुरुवातीलाच असतो. ‘फाइंडिंग निमो’ इतका रंगीत आणि गोड सिनेमा, पण सुरुवात होते न होते तोच मोठा मासा हल्ला करतो आणि निमोची आई आणि बाकीची सगळी अंडी जातात. ‘स्पिरिटेड अवे’ हा माझा अतिशय लाडका, २००१ चा, पण त्यात सुरुवातीच्या भागातच मुलगी परत येऊन बघते तर आईबाबांची डुकरं झालेली असतात. चार वर्षांच्या पोरीला यापेक्षा भयंकर काय असणार. मोठ्याला जरूर दाखव.

आणि एक धोक्याची सूचना. टोटोरो आवडला की त्याच स्टुडिओचं अजून काहीतरी म्हणून ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ समोर येईल. इसाओ ताकाहातांचा, तोही १९८८ चाच, जपानमध्ये हे दोन्ही सिनेमे एकत्रच लावले होते. पोस्टर बघून फसशील, भाऊ-बहीण आणि काजवे. पण ती युद्धात उपासमारीने मरणाऱ्या दोन मुलांची गोष्ट आहे, आणि मरणार हे पहिल्याच सीनमध्ये सांगितलेलं आहे. थोर सिनेमा आहे. मोठ्यांनी बघावा, एकदाच बघितला जातो. अ‍ॅनिमेशन आहे म्हणून मुलांचं असणार या समजुतीची खोड मोडायला तेवढं एक नाव पुरतं.

दुःख मात्र दाखवावं. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देण्यापेक्षा ‘इनसाइड आउट’ देईल, २०१५ चा, पीट डॉक्टर नावाच्या दिग्दर्शकाचा, त्यातली रायली तुझ्या मुलाच्याच वयाची, अकराची. तिच्या डोक्यात आनंद, दुःख, राग, भीती, किळस अशी पाच जणं बसलेली असतात आणि आनंदची सगळी धडपड एकच, दुःखला कुठेही हात लावू द्यायचा नाही. त्यात बिंग बाँग नावाचा रायलीचा लहानपणचा काल्पनिक मित्र असतो, त्याची खेळण्यातली रॉकेटगाडी खड्ड्यात ढकलली जाते आणि तो मट्कन खाली बसतो. आनंद त्याला हसवायला बघते, गुदगुल्या करते, वेडीवाकडी तोंडं करते, तो ढिम्म. दुःख मात्र त्याच्या शेजारी जाऊन बसते आणि फक्त म्हणते की तुझी गाडी गेली, तुझं आवडतं काहीतरी गेलं ते. तो तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडतो, आणि मग उठून म्हणतो चला. हा सीन मुलाबरोबर बघ आणि काही बोलू नकोस. संपल्यावर ‘यातून काय शिकलास’ हा प्रश्न तर अजिबात नको, शाळा सुटलीय असं समजून बसलेल्या मुलाला त्याने परत वर्गात बसवल्यासारखं होतं.

तू रडलीस तर रड की. पोरगी विचारेल आई का रडतेस, सांग की त्या आजोबांची बायको गेली म्हणून मला वाईट वाटलं. एवढं तिला पुरतं. मुलांना त्रास होतो तो रडणारी आई ‘काही नाही, डोळ्यात कचरा गेला’ म्हणून उठून जाते तेव्हा, मग त्यांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

ते आजोबा म्हणजे ‘अप’मधले कार्ल. हा सिनेमा मी तुमच्या घरासाठी शेवटी राखून ठेवलाय, २००९ चा, हाही पीट डॉक्टर यांचाच, हिरो ७८ वर्षांचा आणि त्याच्या गळ्यात पडलेला मुलगा आठ वर्षांचा. सुरुवातीला कार्ल आणि एलीचा अख्खा संसार चारेक मिनिटांत दाखवलाय, एक शब्द नाही, संगीतकार मायकेल जियाकिनोची एकच धून, आधी नाचरी मग हळू हळू थकत गेलेली. दोघं लांबच्या धबधब्याला जाण्यासाठी बरणीत नाणी टाकतात आणि दर वेळी बरणी फोडावी लागते, कधी गाडीचं टायर पंक्चर, कधी याचा पाय मोडतो, कधी छपरावर झाड पडतं. एली रोज सकाळी त्याचा टाय नीट करते आणि टाय बदलत जातात, तेवढ्यातच वर्षं जातात. मध्ये दवाखान्यातला एक सीन आहे, मूल होणार नाही हे कळतं तो, त्यावर धाकटी काही विचारणार नाही, तिला फक्त बाई रडतेय एवढं दिसेल. नंतर फुगे लावून घर उडतं तेव्हा तिची चंगळ. पुढे कुत्र्यांची फौज आणि एक माथेफिरू म्हातारा येतो, तिथे जरा तिला मांडीवर घे. बाबांच्या आयुष्यात अलीकडे कोणी गेलं असेल तर मात्र त्यांना आधी सांग की सुरुवातीला असं असं आहे, बघायचं का, आणि नाही म्हणाले तर नाही. अचानक अंगावर येऊ देऊ नकोस.

तर क्रम असा धर, एक बैठक शॉर्टफिल्म्सची, मग राँग ट्राउझर्स, मग शॉन किंवा टोटोरो, इनसाइड आउट मोठ्याबरोबर वेगळा, आणि अप सगळ्यांना एकत्र बसायची सवय लागल्यावर. दर आठवड्याला झालंच पाहिजे असा नियम करू नकोस. निवडायची पाळी फिरती ठेव, पण प्रत्येकाला एक नकार वापरायची मुभा दे, बाबांनाही. टोटोरो कुठल्या भाषेत लावायचा तर धाकटीला कळते त्या भाषेतलं डबिंग मिळालं तर ते, नाहीच मिळालं तर तू अधूनमधून एखादं वाक्य सांग, सगळी वाक्यं सांगत बसू नकोस, चित्रावरून तिला तुझ्यापेक्षा लवकर कळेल.

एक राहिलं. शॉर्टफिल्म्स शोधताना ‘बाओ’ दिसेल, डोमी शी यांची, २०१८ ची, हिलाही ऑस्कर आहे आणि चित्रं बघून ती एकदम लहान मुलांची वाटते, एका आईला मोमोसारखा एक गुबगुबीत मुलगा मिळतो आणि ती त्याला वाढवते. ती सगळ्यांसमोर आधी लावू नकोस. पोर मोठं होऊन घर सोडून निघतं तेव्हा आई जे करते ते बघून लहान मुलं दचकतात आणि आया ढसाढसा रडतात. धाकटी झोपल्यावर मोठ्याबरोबर बघ, आठच मिनिटांची आहे.